दीड इंचाची चोरी

गल्लीत त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘तागडी’. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेला माणूस. किराणावाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, कापडवाल्याची दोन बोटं आखूड पट्टी, दूधवाल्याच्या मापाला आतून मुद्दाम पाडलेला पोचा, असलं सगळं त्यांनी इतकं पाहिलं होतं, की एखादा सरळ माणूस समोर आला की त्यांना उलट धास्तीच वाटायची. याची लबाडी अजून आपल्याला दिसलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ ते काढत.

धाकट्या भावाला मुलगा झाला तेव्हा सगळे नातेवाईक बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघत होते. साहेबांनी नर्सला विचारलं, “बाळ ठेवण्याआधी काटा शून्यावर होता का?” नर्सने जे पाहिलं त्यांच्याकडे! डॉक्टर रक्तदाब मोजायला आले की हे दंडाला पट्टा बांधू देण्याआधी मशिनवर तपासणीचा शिक्का शोधणार. आणि तरीही माणूस निव्वळ चोख. उभ्या नोकरीत कुणा दुकानदाराची सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. त्यांच्या बायकोच्या शब्दांत सांगायचं तर, “यांनी दुसऱ्यांची मापं सरळ केली आणि आपलं घर आहे त्या मापात ठेवलं.”

ही बायको म्हणजे शाळेतल्या बाई. तीस वर्षं पहिली-दुसरीची पोरं सांभाळली, उभ्याने. म्हणून गल्ली त्यांना अजून ‘बाई’च म्हणते. बुटक्या, ठसठशीत, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर आपोआप ताठ बसावं. पण त्या तीस वर्षांच्या उभं राहण्याने दोन्ही गुडघ्यांनी आता हात टेकले होते. घर होतं वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्या, आणि त्याही जुन्या, उंच. डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, “जिना बंद. खाली राहायला जा, नाहीतर एक दिवस जिनाच तुम्हाला खाली आणेल.”

खाली जायचं तर कुठे जायचं? खाली धाकटा भाऊ आणि त्याची बायको. वडिलांच्या माघारी चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली होती. खालचा मजला धाकट्याला, वरचा मजला आणि अंगणातलं गॅरेज थोरल्याला. त्या दोन चिठ्ठ्यांपैकी एकीची घडी जरा जाड होती, असं साहेबांचं मत आजही आहे. पण त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली, आणि चिठ्ठ्या उचलणारा चार वर्षांचा पुतण्या आता स्वतः मिशा ठेवून परगावी नोकरी करतो. त्याच्यावर खटला भरणार कसा?

तर उरलं गॅरेज. त्यात गाडी कधी उभी राहिलीच नव्हती. होती ती बिनचाकांची स्कूटर, तीन पत्र्याच्या ट्रंका, एक मोडका पाळणा आणि पावसाचं पाणी. अंगणापेक्षा जमीन खोलगट, त्यामुळे पावसाळ्यात आत डबकं. ठरलं असं, की आत भराव घालून जमीन अंगणापासून सव्वा फूट वर उचलायची, शटर काढून तिथे भिंत, दार आणि खिडकी घालायची, कोपऱ्यात मोरी काढायची, आणि दोघांनी तिथे मुक्काम हलवायचा. एक छोटी ठेव मोडली. जे काय करायचं ते तेवढ्यात. त्यापुढे एक वीटसुद्धा नाही.

साहेब कामाला लागले. दार आणलं पाडलेल्या कॉलेजातलं. त्यावर ‘प्रयोगशाळा’ असं पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि घासूनही जात नव्हतं. फरश्या आणल्या पाच दुकानांतल्या उरल्यासुरल्या, पाच तऱ्हेच्या. खिडकीची एक काच साधी, एक फुलाफुलांची. शेजाऱ्याने कुंपणाची भिंत पाडली होती, तिचा राडारोडा भरावाला फुकट मिळाला, वर शेजाऱ्याने ‘उपकार झाले’ म्हटलं. साहेब तीन दिवस विचार करत होते, की हा उपकार का म्हणाला.

आणि मिस्त्री मिळाला स्वस्तात. इतक्या स्वस्तात, की साहेबांची झोप उडाली.

“बाजारभावाच्या निम्म्यात काम करतो म्हणतो,” ते बायकोला म्हणाले. “का?”

“तुमचा चेहरा बघून दया आली असेल.”

“अगं, निम्म्यात कोणी काम करत नाही. उरलेलं निम्मं तो कुठून तरी काढणारच.”

कारण तसं साधं होतं. मिस्त्रीचं पलीकडच्या रस्त्यावर एका बंगल्याचं मोठं काम चालू होतं. तिथे मधले दिवस रिकामे जात. ते तो इथे भरून काढणार होता. बरोबर त्याचा मेहुणा. हा मेहुणा म्हणजे एक अजब प्राणी. हात सोन्यासारखा, पण तोंडातून दिवसाकाठी चार शब्द. त्यातले दोन ‘पाणी द्या’. त्याला वाचायला येत नव्हतं, आणि मिस्त्रीला लिहायचा कंटाळा. म्हणून दोघांची एक रीत होती. कामाची सगळी मापं मिस्त्री एका लाकडी काठीवर खाचा पाडून द्यायचा. तळाची खाच ही, मधली खाच ती. मेहुणा काठी उभी करायचा, खाचेला दोरी लावायचा आणि बांधत सुटायचा.

“कागद भिजतो, टेप तुटतो,” मिस्त्री म्हणे. “काठी खोटं बोलत नाही.”

साहेबांनी हे वाक्य ऐकलं आणि कान टवकारले. ‘खोटं बोलत नाही’ असं ज्याच्याबद्दल मुद्दाम सांगावं लागतं ते बोलतंच, हा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव.

पहिल्या दिवसापासून पहारा सुरू झाला. सिमेंटची गोणी आली की साहेब स्प्रिंगचा काटा घेऊन हजर. वाळूच्या ढिगावर संध्याकाळी बोटाने नक्षी काढून ठेवायचे आणि सकाळी येऊन बघायचे. एक दिवस नक्षी मोडलेली सापडली. दिवसभर चौकशी चालली. चोर निघालं मांजर. साहेबांनी मांजराला सोडलं, पण ‘सध्या’ असं म्हणून.

“साहेब, विटा मोजल्यात, गोण्या तोलल्यात,” मिस्त्री म्हणाला, “आता आम्हा दोघांनाही काट्यावर घ्या. संध्याकाळी जाताना जड भरलो तर समजा, सिमेंट खाऊन चाललोय.”

मेहुणा हसला. त्या दिवशीचा तो त्याचा पाचवा शब्द धरायला हरकत नाही.

हे सगळं चाललं असतं आणि काम पार पडलं असतं. पण मध्ये आली बाईंची धाकटी जाऊ. ही बाई कोणाचं वाईट चिंतत नाही, फक्त कोणाचं काहीही पोटात ठेवत नाही. साहेब एका दुपारी भंगारबाजारातून नळाच्या जुन्या तोट्या घेऊन परतले, तर ती अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांमागे उभी.

“भाऊजी, एक सांगू का? राग नाही ना यायचा?”

“सांगा.”

“नाही, म्हणजे माझं आपलं काही म्हणणं नाही. पण तुम्ही बाहेर पडलात ना, की गॅरेजात फार हसणं-खिदळणं चालतं. ताई खाली येतात. मिस्त्रीशी हळू आवाजात बोलणं असतं. आज तर…” तिने इकडेतिकडे पाहिलं. “आज ताई त्याच्यासमोर एका पायावर उभ्या होत्या.”

“एका पायावर?”

“बगळ्यासारख्या. आणि मला बघून दोघं गप्प.”

साहेबांनी तोट्या खाली ठेवल्या. बायकोवर तसला संशय घेण्याइतके ते बावळट नव्हते. पासष्ट वर्षांच्या बाईने गुडघेदुखीत एका पायावर उभं राहून कोणाला भुरळ घातल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं. त्यांचा संशय वेगळा होता. घरातला माणूस फोडल्याशिवाय मोठी चोरी होत नाही. दुकानात माप खोटं असलं की नोकराला माहीत असतंच. म्हणजे मिस्त्रीने बाईला आपल्या बाजूला वळवलंय. कशासाठी?

संध्याकाळी त्यांनी सहज म्हणून विचारलं, “आज खाली गेली होतीस?”

“कोण, मी? छे.” बाईंनी वर बघितलं नाही. “जिना बंद आहे ना मला.”

छे! छत्तीस वर्षांच्या संसारात हे ‘छे’ साहेबांनी एकदाच ऐकलं होतं, सासऱ्यांनी दिलेली अंगठी हरवली होती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात जातो म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. जिन्याशी आले तर वरून बाई उतरत होत्या. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक, पुन्हा थांबणं. भिंतीशी पदराची सळसळ. साहेबांनी जिन्याखालून हाक मारली, “काय करतेस गं तिथे?”

वरची सळसळ थांबली. मग शाळेतला आवाज आला, “जिन्यात वारा छान येतो. म्हणून उभी आहे. तुम्ही वाचनालयात होतात ना?”

“चष्मा विसरलो.”

“नाकावर आहे तो.”

दोघांनीही विषय तिथेच सोडला. दोघांचीही चोरी पकडली गेली होती, आणि दोघांनाही ती समोरच्याचीच वाटत होती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री आणि मेहुणा झाडाखाली पाठ टेकून पडले असताना साहेब गॅरेजात शिरले. काठी भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी खिशातून स्टीलचा टेप काढला, खात्यातून निवृत्त होताना स्वतःच्या पैशांनी घेतलेला, आणि काठीला लावला.

चार फूट साडेदहा इंच.

पुन्हा लावला. चार फूट साडेदहा. पाच फुटांची काठी आणि दीड इंच कमी! शिकारी कुत्रा म्हातारा झाला तरी ससा दिसला की त्याची शेपटी हलतेच. त्यांनी खाचा मोजल्या. तळाची खाच पावणेचार इंचांवर. दुसरी वीसवर. तिसरी तीन फूट एक इंचावर. चौथी चार फूट दोनवर. एकही माप धड नाही! पायरी कुठे पावणेचार इंचांची असते? पायरी सहा-सात इंचांची. बसायचा ओटा अठरा इंच. दिव्याची बटणं साडेचार फुटांवर. जगभर हेच.

लख्ख उजेड पडला. काठी आखूड, म्हणजे भिंत आखूड. दर पाच फुटांमागे दीड इंच विटा आणि माल वाचला. आणि वाचलेला माल जातो कुठे? पलीकडच्या रस्त्यावर, बंगल्यावर! निम्म्या मजुरीचं उरलेलं निम्मं ते हे. बाईला काय कबूल केलंय ते देव जाणे.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. अशा वेळी आरडाओरडा करणारा तपासनीस कच्चा. पुढचे पाच दिवस मिस्त्री बंगल्याच्या स्लॅबच्या कामाला अडकणार होता, आणि इथे मेहुणा एकटा पायऱ्या आणि ओटा बांधणार होता. काठीवरून. साहेबांनी जुन्या पाळण्याचा एक दांडा काढला, नेमका पाच फुटांवर कापला, त्यावर सरकारमान्य, जगमान्य अशा चार खाचा पाडल्या आणि मूळ काठीसारखा दिसावा म्हणून त्याला चुना नि सिमेंट फासलं. नवी काठी भिंतीला टेकवली. जुनी काठी वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतली आणि धाकट्या भावजयीला बोलावलं.

“इथे सही करा.”

“अगं बाई, हे काय भाऊजी?”

“मुद्देमाल. तुम्ही पंच.”

पंच! तिने अशी सही केली, जशी लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती. आणि साहेबांनी ‘वाच्यता नको’ म्हटल्यामुळे त्या दिवशी फक्त समोरच्या तीन घरांनाच कळलं.

मेहुण्याने पाच दिवस काम केलं. तळाच्या खाचेवर साहेबांनी साडेसात इंच दिले होते. सव्वा फूट चढायला दोन पायऱ्या, हिशेब सुटसुटीत. पहिल्या दिवशी मेहुण्याने काठी उभी केली, खाच बघितली, डोकं खाजवलं. साहेब दारात उभे होते. मेहुणा काही म्हणाला नाही. त्याच्या दृष्टीने खाच म्हणजे खाच. पायरी का उंच झाली हे विचारणं म्हणजे मिस्त्रीवर अविश्वास, आणि तो धंदा त्याचा नव्हता. दोन पायऱ्या बांधल्या, वर घोटून गुळगुळीत केल्या. खिडकीखाली ओटा बांधला. सिमेंट संपलं. म्हणजे दुकानातलं नव्हे, ठेवीतलं. शेवटची गोणी झटकून मेहुण्याने ती घडी घालून साहेबांच्या हातात दिली, तेव्हा तिचंही वजन करायचा मोह त्यांना झाला होता.

सहाव्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. अंगणातूनच त्याची नजर पायऱ्यांवर गेली आणि तो जागच्या जागी थबकला.

“हे काय बांधलंस रे?”

मेहुण्याने काठी पुढे केली. मिस्त्रीने ती हातात घेतली, फिरवली, खाचेवर अंगठा फिरवला. “ही माझी काठी नाही.”

साहेब याच वाक्याची वाट बघत होते. ते घरातून बाहेर आले ते मुद्देमाल हातावर आडवा धरून. मागे पंच पदर खोचून. धाकटा भाऊ दाढी अर्धी सोडून खिडकीत. आणि गलका ऐकून बाईही जिना उतरून आल्या होत्या. कधी, कशा, ते गडबडीत कोणी पाहिलं नाही.

“ही तुमची नाही. खरंय,” साहेब म्हणाले. “तुमची इथे आहे.” लाख फुटली, सुतळी सुटली, वर्तमानपत्र गळून पडलं. “पाच फुटांची म्हणून वापरता ती काठी. मोजा. सर्वांसमक्ष मोजा! दीड इंच कमी आहे की नाही?”

मिस्त्रीने मोजली नाही. “साहेब, पाच फुटांची आहे असं तुम्हाला कोण म्हणालं?”

“मग कितीची आहे?”

मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याची नजर क्षणभर बाईंकडे गेली. बाईंनी मान किंचित हलवली. तोंड मिटलं.

“चुकलं,” मिस्त्री म्हणाला. “काठी आखूड कापली गेली. माझी चूक.”

पंचाने ‘बघा!’ म्हणून टाळी दिली, ती घ्यायला कोणी नव्हतं. आणि साहेब? साहेबांना काहीतरी खटकलं. एकतीस वर्षांत असा कबुलीजबाब त्यांनी ऐकला नव्हता. चोर आधी ‘वजन झिजलं’ म्हणतो, मग ‘पोराने केलं’ म्हणतो, मग रडतो, मग चहा मागवतो. एका वाक्यात ‘चुकलं’ म्हणतो तो चोर नसतो. तो कोणाला तरी पाठीशी घालत असतो.

“कोणाला वाचवताय?” त्यांनी हळूच विचारलं.

“कोणाला नाही साहेब. मजुरी कापून घ्या.”

“पुरे झालं,” बाई म्हणाल्या.

आवाज दुसरीच्या वर्गातला होता. भावाने खिडकीत वस्तरा खाली घेतला. बाई पुढे आल्या, साहेबांच्या हातातून जुनी काठी घेतली आणि स्वतःच्या अंगाला टेकवून उभी केली. काठीचं टोक बरोबर त्यांच्या भांगाला लागलं.

“झालं मोजून? चार फूट साडेदहा. लग्नाआधी बघायला आलात तेव्हा विचारलं होतंत माझ्या वडिलांना, उंची किती म्हणून. पाच फूट सांगितली त्यांनी. छत्तीस वर्षं फिरवताय टेप खिशात, ती चोरी नाही सापडली?”

बाई काठीचा आधार घेत पायरीपाशी गेल्या.

“ही मधली खाच म्हणजे मला बसून उठता येईल ती उंची. ही तिसरी, खांदा न उचलता बटण दाबता येईल ती. ही वरची फळीची. आणि ही तळाची…” त्यांनी काठी पायरीला लावून धरली आणि उजवा पाय उचलला. पाय खाचेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. ओठ दाबले गेले. पाय खाली आला. नवी पायरी खाचेच्या चार बोटं वर होती, घोटलेली, गुळगुळीत, जगमान्य.

“इथवर जातो. याच्या वर नाही जात.”

साहेब पायरीकडे बघत राहिले. “मग जिना…?”

“पाठमोरी उतरते. बसून चढते. तुम्ही घरात नसताना.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला?” बाईंचा आवाज आता कुठे जरा हलला. “तुम्ही टेप काढला असतात. रोज सकाळी मोजलं असतंत. आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं असतं, की बाईंचा पाय अमुक इतका उचलतो. या मिस्त्रीच्या आईचे गुडघे असेच होते, याला सांगायला नाही लागलं. त्याने आपणहून विचारलं, ‘मावशी, पाय कितवर जातो?’ मीच शपथ घातली, साहेबांना बोलायचं नाही.”

“आम्ही हसलो ते त्यावरच,” मिस्त्री खाली बघत म्हणाला. “मावशी म्हणाल्या, काठीला साडी नेसव आणि पाठव शाळेत.”

पंचाची आता मोठी पंचाईत झाली होती. “मी फक्त सही केली हं,” ती म्हणाली आणि कपडे वाळले का बघायला गेली. कपडे अजून धुवायचे होते.

सिमेंट संपलेलं, ठेव संपलेली, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती आपल्याच खोलीच्या दाराबाहेर सव्वा फूट खाली उभी. चोरी झाली होती खरी; मुद्देमाल त्यांच्याच मापाच्या पायऱ्यांत घट्ट बसला होता.

“छिन्नी आहे?” त्यांनी मेहुण्याला विचारलं.

मेहुण्याने छिन्नी दिली. साहेबांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पायरीवर पहिला घाव घातला. घाव स्वतःच्याच बोटावर बसला. मेहुणा त्या वेळी जे म्हणाला ते त्याच्या चार शब्दांत धरत नाहीत. पण साहेब हटले नाहीत. दोन दिवस फोडत होते. चांगल्या विटा वेगळ्या, तुकडे वेगळे. मिस्त्रीने बंगल्यावरून उरलेल्या सिमेंटची अर्धी गोणी आणली; मालकाला विचारून आणलीय, हे त्याने विचारायच्या आत सांगितलं. साहेबांनी ती तोलली नाही. काट्याकडे हात गेला होता, असं भावजय सांगते. पण तिचं किती खरं धरायचं? ओट्याला दोन इंच कमी पडत होते, तिथे उरलेल्या फरश्यांचे दोन थर बसले.

पायऱ्या नव्याने लावायच्या त्या दिवशी मिस्त्रीने जुनी काठी पुसून उभी केली. “पावणेचारच्या चार पायऱ्या. लागू?”

“थांबा,” साहेब म्हणाले.

“आता काय?” बाईंनी कमरेवर हात ठेवले.

“हे माप कधी घेतलंत?”

मिस्त्री आठवू लागला. “सकाळी. दहाच्या सुमारास.”

“आणि पाय उचलताना ही काय म्हणत होती?”

“म्हणत होत्या… ‘थांब, अजून जरा जाईल.’”

“हं.” साहेबांनी बायकोकडे बघितलं. ही नजर बाजारातले सगळे दुकानदार ओळखत. “माप देणारा स्वतःच काटा दाबत होता तर. संध्याकाळी मोजू. दिवसभराचं काम आटोपल्यावर.”

“काही गरज नाही! पावणेचार म्हणजे पावणेचार.”

“तुझ्या वडिलांनीही पाच फूट म्हणजे पाच फूट सांगितलं होतं.”

मेहुणा तोंड फिरवून खोकला.

संध्याकाळी साहेब अंगणात जमिनीवर मांडी घालून बसले, टेप लावला. बाईंनी ताठ मानेने पाय उचलला. “पावणेचार!”

“भिंतीवरचा हात काढ.”

हात काढला. पाय खाली आला. साडेतीन.

“पुन्हा.”

“सव्वातीन झालं, बास झालं.”

“पुन्हा. दात खाऊ नकोस, सहज उचल. भाजी आणायला निघालीस असं समज.”

चौथ्या वेळी पाय उचलला तेव्हा बाई दमल्या होत्या आणि दाखवायचं विसरल्या होत्या. तीन इंच. साहेबांनी टेप तसाच धरून वर बघितलं. बाई दुसरीकडे बघत होत्या. साहेबांनी ते माप कोणाला ओरडून सांगितलं नाही. उठले, काठीवर तळाच्या खाचेखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि काठी मिस्त्रीच्या हातात दिली.

“तीनच्या पाच,” मिस्त्री रेघ बघून हळूच म्हणाला. “अंगणात पाऊल-दीड पाऊल पुढे येतील पायऱ्या.”

“येऊ देत. भावाला अंगणातली तेवढी जागा परत पाहिजे असेल तर त्याने ती जाड घडीची चिठ्ठी काढून दाखवावी.”

तीन आठवड्यांनी सामान हललं. चार डब्यांतला उरलेला रंग एकत्र करून जो काही रंग तयार झाला होता, तो आदल्या दिवशी मेहुण्याने भिंतींना दिला होता. त्याला नाव नाही, पण साहेब त्याला ‘फिकट’ म्हणतात. बाई प्रयोगशाळेच्या दारासमोर उभ्या राहिल्या. खालून साहेब, मागून भावजय, पुढे कोणी नाही.

“मी एकटी जाणार. कोणी हात धरायचा नाही.”

एक. दोन. तिसऱ्या पायरीवर त्या जरा थांबल्या. “वारा छान येतोय,” त्या म्हणाल्या आणि चौथी, पाचवी चढून आत गेल्या. आतून ओट्यावर बसल्याचा आवाज आला, आणि मग बटण दाबल्याचा. दिवा लागला.

“भिंतीला हात लावलास?” साहेबांनी बाहेरून विचारलं.

“छे.”

साहेब तिसऱ्या पायरीपाशी गेले. ओल्या रंगावर पाच बोटांचा छोटा, ठळक ठसा उमटला होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. भावजय उशा आणायला घरात गेली होती. त्यांनी टेप काढला, पायरीपासून ठशापर्यंत लावला, आकडा मनात घोकला आणि भंगारबाजारातल्या लोखंडी पायपांपैकी कठड्यासाठी कोणता एवढ्या लांबीचा मिळेल याचा अंदाज घेत उभे राहिले.

“काय मोजताय तिथे?” आतून आवाज आला.

“काही नाही,” साहेब म्हणाले. “भिंत.”